ऊर्फ

दुसऱ्याच्या पूर्वजांचा शोध घेण्यांत एक निर्भेळ सुख असतें. स्वतःच्या पूर्वजांकडे आपण निर्विकारपणें पाहूं शकत नाहीं. ते शूर निघावेत, निदान देवभोळे तरी निघावेत, आणि त्यांनीं कुणाचें देणें बुडविलेलें नसावें, अशी इच्छा मनाच्या तळाशीं असतेच. परक्याच्या खापरपणजोबांबद्दल असली काळजी नाहीं. तो सुतार निघाला तरी आनंद, आणि लबाड निघाला तर त्याहूनही आनंद!

हें सुख मला उतारवयांत, आणि तेंही सातासमुद्रांपलीकडे, कॅनडांतील माँट्रिअल शहरीं लाभलें. माझी मुलगी लग्नानंतर तेथें राहते. तिच्याकडे मीं एक हिवाळा काढला. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि घरांत दिवसभर करावें काय, हा प्रश्न! तो शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं सोडविला. शाळेंत भूगोल शिकवून ते निवृत्त झाले होते आणि गेलीं दहा वर्षें आपल्या कुळाचा इतिहास जुळवीत होते. आपल्याकडे निवृत्त माणूस ज्ञानेश्वरी घेऊन बसतो. क्युबेक प्रांतांतला माणूस वंशवेल घेऊन बसतो, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पहिल्याच दिवशीं त्यांनीं माझ्यापुढें एका जुन्या नोंदीची नक्कल ठेवली. एका माणसाचें नांव, पुढें त्याचें आडनांव, मग ‘दी’ असा एक इवलासा शब्द, आणि त्यापुढें आणखी एक आडनांव. ते म्हणाले, “या शब्दाचा अर्थ बाहेरच्या माणसाला समजावून सांगणें फार कठीण आहे.” मीं म्हटलें, “मला सांगूं नका. आमच्या भाषेंत याला ऊर्फ म्हणतात.” त्या क्षणापासून आमची मैत्री जमली.

या ‘ऊर्फ’ची कथा मोठी मौजेची आहे. शांप्लें या फ्रेंच दर्यावर्द्यानें १६०८ सालीं क्युबेकची वसाहत स्थापन केली. १६१७ मध्यें लुई एबेर हा औषधविक्या आपली बायको मारी रोले आणि तीन मुलें यांना घेऊन तेथें कायमचा राहावयास आला. पुढें कित्येक वर्षें माणसें थेंबाथेंबानेंच येत होतीं. १६६३ मध्येंसुद्धां साऱ्या वसाहतीची वस्ती जेमतेम तीन हजार होती. दोन वर्षांनीं कारिन्यां-सालिएर नांवाची पलटण फ्रान्समधून येऊन उतरली. तींत बाराशेंच्या वर शिपाई होते, आणि त्यांपैकीं सुमारें चारशें तेथेंच जमिनी घेऊन राहिले. हे शिपाई येतांना बंदुकीबरोबर आपलीं टोपणनांवेंही घेऊन आले. एकाच तुकडींत पांच ज्यां आणि चार पिएर असले म्हणजे हवालदारानें हांक मारावी तरी कुणाला? म्हणून प्रत्येकाला एकेक लढाईचें नांव मिळे. कुणी लाफ्लर म्हणजे फूल, कुणी लातुलिप म्हणजे ट्यूलिप; कुणी सांसुसी म्हणजे निश्चिंत, कुणी जोलिकर म्हणजे गोड मनाचा. त्रांशमोंतान्य या नांवाचा अर्थ तर ‘डोंगरफाड्या’ असा होतो! ज्याला हें नांव मिळालें तो शरीरानें केवढा होता हें कागदांत नाहीं. परंतु पलटणींतला विनोद सर्व देशांत सारखाच असतो, हें लक्षांत घेतां तो किडकिडीत असावा असा मला दाट संशय आहे.

पलटणींतलीं नांवें शिपायांबरोबर शेतावर गेलीं, आणि मग हा छंद शेतकऱ्यांनाही जडला. भाऊभाऊ वेगळे झाले, एकाच्या वाट्याला ओकवृक्षांची जमीन आली, कीं तो मिव्हिल दी देशेन झाला. रिव्हार नांवाचे दोघे भाऊ बातिस्कां गांवीं येऊन राहिले. त्यांतला एक लाव्हीन्य म्हणवूं लागला, दुसरा लोरांजे. आणि पुढें त्यांच्या फांद्यांतून लानुएत, द्युफ्रेन, बेलफय अशीं किती तरी आडनांवें निघालीं. आज एकमेकांस परके समजणारीं हीं घराणीं मुळांत एका आईचीं लेकरें! कित्येकांना मूळ प्रांतावरून नांव मिळालें. आंजूचा तो लांजव्हें, पिकार्दीचा तो पिकार. सेंतोंज प्रांतांतून आलेल्यांचें नांव लिहितां लिहितां ‘सेंत-ओंज’ असें फुटलें आणि त्याचा अर्थ ‘संत ओंज’ असा होऊन बसला. या नांवाचा संत ख्रिस्ती धर्मांत कधींच झाला नाहीं. तरीही त्याचे वंशज क्युबेकमध्यें सुखानें नांदत आहेत! प्रांतावरून माणसाला आणि गांवावरून घराण्याला ओळखणें आम्हां मराठी माणसांना नवें नाहीं. परंतु ‘कर’ लावून संत निर्माण करण्याची करामत काहीं आम्हांला साधली नाहीं.

आडनांवांची ही तऱ्हा, तर पाळण्यांतल्या नांवांची आणखी निराळी. नांव ठेवण्याचा मान आईबापांचा नसून बहुधा धर्मपित्याचा आणि धर्ममातेचा असे. म्हणून मुलगा पुष्कळदां धर्मपित्याचेंच नांव घेऊन घरीं परत येई. शिवाय पुढें पुढें अशी रूढी पडली कीं, दीक्षेच्या वेळीं प्रत्येक मुलाच्या नांवाआधीं जोसेफ आणि प्रत्येक मुलीच्या नांवाआधीं मारी घालावयाचें. कॅनडाचे पंतप्रधान पिएर त्रुदो यांचें पूर्ण नांव जोसेफ फिलिप पिएर ईव्ह एलियट त्रुदो असें होतें. त्यांतला जोसेफ हा असा सार्वजनिक जोसेफ. एका घरांत चार मारी सांपडल्या तर संशोधकानें घाबरूं नये. हांक मारावयाचें नांव मागाहून येतें. राशीचें नांव एक आणि हांकेचें नांव दुसरें, ही विद्या अवगत असल्यामुळें मला हें पटकन समजलें.

पण एका गोष्टीशीं मी अडखळलों. एका जोडप्याच्या मुलांच्या यादींत फ्रांस्वा हें नांव तीनदां आलें होतें. शेजाऱ्यांनीं शांतपणें पहिल्या दोन नांवांपुढील तारखा दाखविल्या. पहिला फ्रांस्वा अकरा दिवसांत गेला. दुसरा दोन वर्षांचा होऊन गेला. तिसऱ्याला पुन्हां तेंच नांव ठेवलें, आणि तो जगला. मूल गेलें कीं त्याचें नांव पुढच्या मुलाला देण्याची त्या लोकांत सर्रास चाल होती. मला एकदम आमच्या गांवचे धोंडू, दगडू आणि भिकू आठवले. आपल्याकडे मुलें जगेनाशीं झालीं म्हणजे आई पुढच्या बाळाला असें कांहीं नांव ठेवी कीं मृत्यूनें त्याच्याकडे ढुंकूनही पाहूं नये. फ्रेंच आईनें गेलेलें नांव मृत्यूच्या हातांतून परत हिसकावून घेतलें. आमच्या आईनें मृत्यूला फसविलें. दोघींच्या पद्धती उलट, पण पदर एकाच अश्रूंनीं भिजलेला.

आतां वाचकांच्या मनांत सहज येईल कीं, जेथें माणसें अंगरख्याप्रमाणें आडनांवें बदलतात, तेथें तीनचारशें वर्षांपूर्वींचा पूर्वज सांपडावा तरी कसा? अडचण खरीच आहे, आणि ती पुढें वाढतच गेली. १८४० ते १९३० या नव्वद वर्षांत सुमारें नऊ लाख फ्रेंच कॅनडियन लोक गिरण्यांत काम मिळवावयास अमेरिकेंत गेले. तेथें ब्वाव्हेर म्हणजे ‘हिरवें रान’ याचा ग्रीनवुड झाला, र्‍वा म्हणजे ‘राजा’ याचा किंग झाला, लब्लांचा व्हाइट झाला. मॅसॅच्युसेट्समधील लोवेल या गिरणगांवांत अशाच एका कुटुंबांत १९२२ सालीं प्रसिद्ध कादंबरीकार जॅक केरुआक जन्मला. आपलें मूळ ब्रिटनी प्रांतांत आहे एवढें त्याला घरच्या कथांवरून ठाऊक होतें. १९६५ मध्यें तो मुद्दाम फ्रान्सला गेला, पॅरिसचें ग्रंथालय पालथें घातलें, ब्रिटनीपर्यंत जाऊन आला, आणि रिकाम्या हातांनीं परतला. चार वर्षांनीं तो वारला. त्याचा तो पूर्वज १९९० नंतरच्या दशकांत संशोधकांना सांपडला. तो एका नोटरीचा मुलगा होता आणि त्याचें खरें नांव युर्बें-फ्रांस्वा ल बियां. देश सोडतांना त्यानें नांवही सोडलें होतें आणि कॅनडांत तो निरनिराळ्या नांवांनीं वावरला होता.

पण या हकीगतीचें दुसरें अंग मला शेजाऱ्यांनीं दाखविलें. या भामट्यानें १७३२ सालीं कॅनडांत लग्न केलें, त्या वधूचें नांव लुईझ बेर्निए. तिला शोधावयास कुणालाच कष्ट पडले नाहींत. नवऱ्यानें चार नांवें बदललीं. ती जन्मापासून अखेरपर्यंत कागदांत लुईझ बेर्निएच राहिली.

ती अपवाद नव्हती. फ्रेंच वसाहतींतली स्त्री लग्नानंतर लोकांच्या तोंडीं अमक्याची बायको होई. परंतु चर्चच्या वहींत आणि नोटरीच्या दस्तऐवजांत ती आपल्या बापाच्याच आडनांवानें नोंदली जाई. लग्नाची नोंद करतांना पाद्री वराचे आईबाप आणि वधूचे आईबाप अशीं चौघांचीं नांवें लिही, आणि दोघी आयांचीं नांवें त्यांच्या माहेरच्या आडनांवानें लिही. म्हणजे एक नोंद हातीं आली कीं सहा माणसें हातीं आलीं, आणि त्यांतल्या तीन बायका! यांत स्त्रीदाक्षिण्यापेक्षां सोयीचा भाग अधिक असावा. चर्चला जवळच्या नात्यांतलीं लग्नें टाळावयाचीं होतीं, आणि त्यासाठीं आईचीं घराणींही माहीत असणें अवश्य होतें. हेतु कांहीं असो. त्या वहींतला हा एक नियम साऱ्या ‘ऊर्फ’ना पुरून उरला. पुरुषाचें नांव हातांतून निसटलें कीं संशोधक त्याच्या बायकोचा पदर धरतो आणि पलीकडच्या पिढींत जाऊन पोहोंचतो.

त्या वह्यांनाही काय काय सोसावें लागलें! क्युबेक गांवची पहिली वही १६२१ पासूनची. १६४० सालीं चर्चला आग लागून ती जळाली, तेव्हां माणसांना विचारून, आठवणींवरून ती पुन्हां लिहून काढली. १६६७ च्या राजाज्ञेनें फ्रान्समध्यें अशा नोंदींच्या दोन प्रती ठेवण्याचा नियम झाला, तो पुढें कॅनडांतही आला. त्यामुळें एक जळाली तरी दुसरी उरे. या वह्या चाळून सिप्रिएं तांगे नांवाच्या पाद्र्यानें १८७१ ते १८९० या काळांत फ्रेंच कॅनडियन घराण्यांचा सात खंडांचा कोश छापला. १९६६ पासून माँट्रिअलच्या विद्यापीठानें हेंच काम यंत्रगणकाच्या साहाय्यानें पुढें नेलें. त्या कोशांत त्रांब्ले हें आडनांव पाहावें. क्युबेकमध्यें याहून जास्त माणसांचें दुसरें आडनांव नाहीं, आणि हे सारे त्रांब्ले पिएर त्रांब्ले या एकाच शेतमजुराचे वंशज. परंतु कोश तेवढ्यावर थांबत नाहीं. १६५७ सालीं त्यानें जिच्याशीं लग्न केलें तिचें नांव ओझान आशों होतें, हेंही तो सांगतो. १६६३ ते १६७३ या काळांत राजानें स्वखर्चानें सुमारें पावणेआठशें मुली वसाहतींत धाडल्या. त्यांना ‘राजकन्या’ नव्हे, ‘राजाच्या मुली’ म्हणत. त्यांत पुष्कळ पोरक्या आणि कफल्लक होत्या. त्यांना हुंडा राजाचा, पण नांव स्वतःचें. आणि आज लाखों लोक त्यांच्यापर्यंत नांवानिशीं जाऊन पोहोंचतात.

हा सारा प्रकार मी कौतुकानें ऐकत होतों, तोंच शेजाऱ्यांनीं त्याच वहींतलें दुसरें एक पान काढलें. तेथें फक्त ‘मारी’ एवढेंच होतें. आई नाहीं, बाप नाहीं, आडनांव नाहीं. वय अंदाजी, आणि मालकाचें नांव मात्र पूर्ण. त्या वसाहतींत गुलामही होते. मार्सेल त्रुदेल या इतिहासकारानें १९६० मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत साडेतीन हजारांवर गुलामांची मोजदाद केली. त्यांपैकीं दोनतृतीयांशांच्या आसपास मूळ रहिवासी जमातींचे होते, बाकीचे आफ्रिकन. जी वही शेतकऱ्याच्या बायकोचें माहेर जपते तीच या बाईला माहेर असल्याचें कबूल करीत नाहीं. शेजारी म्हणाले, “येथें माझा शोध संपतो.” त्यांच्या घराण्याच्या एका शाखेला अशीच एक मारी होती. त्यांनीं ते पान फार वेळ पुढें धरून ठेवलें होतें.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. आमच्या घरीं आजोबांच्या हातची वंशावळ आहे. बोरूनें काढलेली, वळणदार अक्षराची, अकरा पिढ्यांची. तींत त्रेसष्ट पुरुष आहेत आणि स्त्री एकही नाहीं. एखाद्या परग्रहावरील पंडितानें तो कागद पाहिला तर कोंकणांत पुरुषांच्या पोटीं पुरुष जन्मत असत, असा सिद्धांत तो निःशंकपणें मांडील! आमच्या आडनांवांत कधीं ‘ऊर्फ’ शिरला नाहीं, याचा आजोबांना अभिमान होता. आमच्याकडचा ‘ऊर्फ’ बायकांच्या वाट्याला गेला, आणि तो कुणीं लिहून ठेवला नाहीं. लग्नांत ताटांत तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीनें नवें नांव लिहिलें, कीं जुनें नांव त्या तांदळांबरोबर आवरून ठेवावयाचें.

माझी आजी, वडिलांची आई, मी नऊ वर्षांचा असतांना गेली. सासरचें लक्ष्मी हें नांव सातबाऱ्यावर आहे. माहेरचें? माझी आत्या आज नव्वदीच्या घरांत आहे. मीं तिला माँट्रिअलहून दूरध्वनि केला.

“आईला आम्ही आईच म्हणत होतों रे,” आत्या म्हणाली. “नांव घेऊन कोण हांक मारणार तिला?”

“कुणीच नाहीं?”

थोडा वेळ ती बोलली नाहीं. मग म्हणाली, “तिचा भाऊ यायचा. वर्षा-दोन वर्षांनीं, चालत. तो पायऱ्यांपासूनच हांक मारायचा, तिच्या त्या नांवानें. हातांतलें काम टाकून ती अशी धांवत जायची, पोरीसारखी! आम्हांला हंसूं यायचें. हांक कसली होती तें मात्र आठवत नाहीं बघ. तिचें धांवणें आठवतें.”

मुलीला मीं हें सांगितलें तेव्हां ती कांहीं बोलली नाहीं. तिच्या लग्नांतही सासरच्या वडीलधाऱ्यांच्या समाधानासाठीं ताटांत तांदूळ पसरले होते. परंतु क्युबेकच्या कायद्यानें १९८१ पासून नवराबायको दोघांनींही आपापलें जन्मनांवच सर्व नागरी व्यवहारांत वापरावयाचें असतें. लग्नामुळें बायकोचें नांव बदलत नाहीं. तेव्हां सरकारदरबारीं ती अद्याप माझ्या आडनांवाची आहे, आणि तिच्या सासूबाई “तिकडचे कायदेच तसले!” असें म्हणून स्वतःचें समाधान करून घेतात. मला मात्र वाटतें, त्या कायद्याच्या मागें जुन्या वहीचें तीनशें वर्षांचें वळण आहे.

घरीं परत आल्यावर मीं वंशावळ काढली आणि एका वेगळ्या ताव कागदावर ती पुन्हां उतरून घेऊं लागलों. प्रत्येक पुरुषाच्या शेजारीं त्याच्या पत्नीसाठीं जागा सोडून. वरच्या आठ पिढ्यांत ती जागा कोरीच राहिली. आजीपुढें ‘लक्ष्मी’ लिहिलें, ‘ऊर्फ’ लिहिलें, आणि पुढें रेघ ओढली. खालीं आमच्या पिढींत आलों तेव्हां पत्नीच्या सासरच्या नांवापुढें तिचें माहेरचें नांव आणि आडनांव लिहिलें, आणि तें तिला मोठ्यानें वाचून दाखविलें. इतक्या वर्षांत त्या नांवानें मीं तिला कधीं हांक मारली नव्हती.

ती भाजी निवडीत होती. मान वर न करतां म्हणाली, “लिहा, अवश्य लिहा. पण त्या नांवानें हांक मारूं लागाल तर मी ओ द्यायची नाहीं. तें माझ्या आईनें ठेवलेलें आहे. तिच्यासाठींच असूं द्या.”

मीं लेखणी खालीं ठेवली. मग थोड्या वेळानें तीच उठून आली, कागदाकडे वांकून पाहिलें, आणि तिच्या माहेरच्या आडनांवांतली एक वेलांटी मला दीर्घ करावयास लाविली.